एका पानाची एक रात्र: वनस्पतींच्या प्रणाली जीवशास्त्राची सुरुवात कशी करावी

दिवसा ऊन असते तोवर पान साखर तयार करते. सूर्य मावळला की हे काम थांबते, पण झाडाचा खर्च थांबत नाही. मुळे वाढत असतात, श्वसन चालू असते, नवी पाने फुटायच्या तयारीत असतात. या खर्चाची साखर येते ती दिवसा पानातच साठवलेल्या स्टार्चमधून. अ‍ॅराबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात हा साठा रात्रभर जवळजवळ एकसारख्या गतीने उतरतो आणि पहाटेपर्यंत त्यातला सुमारे 95 टक्के भाग संपलेला असतो. साठा आधीच संपला तर रोप उपाशी राहणार. बराच उरला तर दिवसाची कमाई वाढीला न लागता पडून राहणार. म्हणजे दिवेलागणीलाच रोपाला दोन गोष्टींचा अंदाज हवा: साठा किती आहे आणि पहाट किती लांब आहे.

हे काम कोणत्या एका जनुकाचे? एकाचेही नाही. स्टार्च तोडणारी विकरे (एन्झाइम), पेशीतले जैविक घड्याळ, उजेड ओळखणारी प्रथिने, साखरेची पातळी, ही सगळी एकमेकांवर परिणाम करत राहतात आणि त्या देवघेवीतून हा हिशेब जुळतो. भाग सुटे करून पाहिले तर तो कुठेच दिसत नाही. भागांची यादी आणि त्यांचे संबंध एकत्र मांडून, त्यांचे गणित करून, ते गणित प्रयोगाला लावून पाहणे म्हणजे प्रणाली जीवशास्त्र, अर्थात सिस्टिम्स बायॉलॉजी.

हा लेख बारावी सायन्सच्या, बीएस्सीच्या किंवा कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि प्रोग्रॅमिंग येते पण झाडांचे काही माहीत नाही अशांसाठीही. लागेल ते एवढेच: कागद-पेन्सिल, एक्सेलसारखे स्प्रेडशीट, दोन-चार कुंड्या आणि एक जागून काढलेली रात्र.

पायरी 1: आधी प्रश्न, मग डेटा

नवखे लोक बहुतेकदा उलट्या टोकाने सुरुवात करतात. हजारो जनुकांच्या फाइली उतरवून घेतात, एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतात आणि रंगीबेरंगी जाळे तयार झाले की पुढे काय करायचे ते सुचत नाही. असे जाळे कधीच चुकीचे ठरत नाही, कारण त्याने काही ठाम म्हटलेलेच नसते. माझा आग्रह आहे की पहिला प्रश्न एका वाक्यात बसणारा, आकड्यात उत्तर मागणारा आणि चूक ठरू शकेल असा असावा. ‘रात्री स्टार्च कोणत्या नियमाने कमी होतो?’ हा तसा प्रश्न आहे. तोच आपण शेवटपर्यंत धरून ठेवू.

पायरी 2: रोपाची ओळख करून घ्या

अ‍ॅराबिडॉप्सिस थॅलियाना हे खायच्या किंवा विकायच्या कामाचे रोप नाही. तरीही वनस्पतिशास्त्रातले सर्वाधिक खोलवरचे काम त्याच्यावर झाले आहे. बी ते बी हा प्रवास साधारण सहा आठवड्यांत होतो, रोप छोट्याशा कुंडीत मावते आणि पाचच गुणसूत्रे असलेला त्याचा जीनोम लहान आहे. 2000 साली पूर्ण वाचला गेलेला हा वनस्पतींमधला पहिला जीनोम. प्रथिने तयार करणारी जनुके सुमारे 27 हजार. त्यांतल्या बहुतेक जनुकांचे बिघडलेले वाण, म्हणजे म्युटंट, अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठाच्या आणि इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या बियाणे केंद्रांत जपून ठेवलेले आहेत.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने एक म्युटंट लक्षात ठेवा: पीजीएम. याच्या हरितलवकात (पानाच्या पेशीतल्या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या भागात) स्टार्च तयार होण्याच्या वाटेवरचे एक विकर नसते, त्यामुळे पानात स्टार्च साठतच नाही. अखंड उजेडात ठेवले तर हे रोप जवळपास नेहमीसारखे वाढते. दिवस लहान आणि रात्र मोठी केली की मात्र त्याची वाढ खुंटते. साठा कशासाठी असतो याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

असे बियाणे घरी मागवण्याच्या भानगडीत पडू नका. परदेशातून बी आणायला आयात परवाना आणि वनस्पती संगरोधाची तपासणी लागते. आपल्या कामाला मोहरी पुरते. ती त्याच कुळातली आहे आणि वाण्याकडची मूठभर मोहरी सहज उगवते.

पायरी 3: कागदावर बाण काढा

कोऱ्या कागदावर चार शब्द लिहा: उजेड, घड्याळ, स्टार्च, साखर. आता बाण. उजेडामुळे स्टार्च वाढतो: साधा बाण. स्टार्च तुटून साखर मिळते: दुसरा बाण. उजेड घड्याळाची वेळ लावतो: तिसरा. घड्याळ स्टार्च तुटण्याच्या गतीवर ताबा ठेवते: चौथा. एखादी गोष्ट दुसरीला रोखत असेल तर बाणाच्या टोकाऐवजी आडवी रेघ काढतात. या क्षेत्रातली सगळी चित्रे अशीच असतात.

घड्याळ हा शब्द इथे शब्दशः घ्या. 1729 साली फ्रान्समध्ये द मेराँ यांनी लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवले, तरी त्याची पाने रोजच्या वेळी उघडत-मिटत राहिली. आज अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये या घड्याळाचे बरेच भाग माहीत आहेत. सीसीए1 आणि एलएचवाय ही दोन जनुके पहाटे जोरात असतात आणि संध्याकाळच्या टीओसी1 या जनुकाला दाबून ठेवतात. त्यांचा जोर ओसरला की टीओसी1 वर येते. टीओसी1 उलट त्या दोघांवर काय करते? बरीच वर्षे चित्रांत तिथे साधा बाण होता: टीओसी1 त्यांना चालना देते असे मानले जायचे. 2012 च्या सुमारास प्रयोग आणि सुधारित मॉडेल या दोन्हींमधून उलटे निघाले. टीओसी1 त्यांना दाबते. बाणाची आडवी रेघ झाली आणि घड्याळाचे सगळे गणित नव्याने मांडावे लागले.

म्हणून प्रत्येक बाणाशेजारी बारीक अक्षरात पुरावा लिहा: कोणता म्युटंट, कोणते मोजमाप. पुरावा नसेल तर तुटक रेघ काढा. पुढे गाडी अडते तेव्हा पहिला संशय तुटक रेघांवर घ्यायचा.

आता पाचवा बाण काढा: साखरेकडून परत घड्याळाकडे. प्रकाशसंश्लेषणातून आलेली साखर पीआरआर7 या जनुकामार्फत घड्याळाची वेळ पुढेमागे करते, असे 2013 साली दाखवले गेले. या बाणाने चित्रात वर्तुळ बंद होते. वर्तुळ बंद झाले की नुसत्या तर्काने ‘याचे पुढे असे होईल’ हे सांगणे कठीण होते, कारण परिणाम फिरून कारणाला येऊन भिडतो. गणिताची गरज इथून सुरू होते.

पायरी 4: तीन नियम, एक स्प्रेडशीट

ही पायरी घाईने उरकू नका. पहिल्या रकान्यात रात्रीचे तास लिहा, 0 ते 12. दिवेलागणीचा साठा 100 धरा. पुढच्या तीन रकान्यांत तीन वेगवेगळे नियम चालवा.

पहिला नियम: ठरलेला खर्च. दर तासाला 8.33 कमी करा, काहीही होवो.

दुसरा नियम: उरलेल्याच्या प्रमाणात खर्च. दर तासाला त्या वेळच्या साठ्याच्या 25 टक्के कमी करा. रसायनशास्त्रात शिकलेली प्रथम कोटीची अभिक्रिया ती हीच.

तिसरा नियम: भागाकार. दिवेलागणीचा साठा भागिले पहाटेपर्यंतचे तास, जो आकडा येईल तो ताशी खर्च.

आलेख काढा. बारा तासांच्या रात्रीत पहिला आणि तिसरा नियम तंतोतंत सारखी सरळ रेघ देतात. दुसऱ्याची रेघ सुरुवातीला कोसळते आणि मग रेंगाळते. पहाटेचे आकडे पाहा: पहिल्या आणि तिसऱ्या नियमात 0, दुसऱ्यात सुमारे 3. फक्त पहाटे पान तपासणाऱ्याला या तिन्हींत फरक करताच येणार नाही. मध्यरात्री मात्र पहिल्या-तिसऱ्यात 50 उरतात आणि दुसऱ्यात जेमतेम 18. कोणत्या वेळी मोजायचे हे मॉडेलनेच सांगितले. मॉडेलचा हा उपयोग पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितला जातो आणि माझ्या मते नवख्याला तोच सर्वांत आधी कळायला हवा. खऱ्या पानात रेघ सरळ येते. दुसरा नियम बाद.

उरलेल्या दोघांत निवड करायची तर नेहमीची रात्र कामाची नाही. रोपाला फसवावे लागेल. बारा तास उजेडाची सवय असलेल्या रोपावर आज आठच तासांनी अंधार करा. साठा साधारण 67 पर्यंतच पोहोचला असेल आणि पहाट 16 तास दूर असेल. पहिला नियम म्हणतो, ताशी 8.33 ने साठा आठ तासांत संपेल आणि उरलेले आठ तास उपवास. तिसरा म्हणतो, 67 भागिले 16, म्हणजे ताशी सुमारे 4.2, आणि साठा पहाटेपर्यंत पुरेल.

हा प्रयोग इंग्लंडमधल्या नॉरविचच्या जॉन इन्स सेंटरमध्ये झाला आणि 2010 साली प्रसिद्ध झाला. रोपांनी त्याच रात्री, कसल्याही सरावाशिवाय, खर्चाची गती कमी केली आणि साठा पहाटेपर्यंत पुरवला. पहिला नियमही बाद.

आता तिसऱ्या नियमातच एक फट आहे. ‘पहाटेपर्यंतचे तास’ रोपाला कुठून कळतात? समजा दिवस-रात्र मिळून 28 तासांचे केले: 14 तास उजेड, 14 तास अंधार. रोपाला खरी रात्र मोजता येत असेल तर साठा 14 तास पुरायला हवा. ते आतल्या 24 तासांच्या घड्याळावर विसंबून असेल तर त्याच्या हिशेबाने पहाट दहाच तासांवर आहे. स्प्रेडशीटमध्ये साठा 117 धरा, दहाने भागा, आणि रेघ कुठे तळ गाठते ते पाहा. खऱ्या रोपांतही साठा आधीच्या पहाटेपासून साधारण 24 तासांनी संपला. शेवटचे काही तास रोपे उपाशी राहिली आणि त्यांची वाढ मंदावली. भागाकारातला छेद घड्याळ पुरवते.

पेशीत कॅल्क्युलेटर नसताना भागाकार होतो कसा? 2013 साली जॉन इन्स सेंटरमधल्याच मार्टिन हॉवर्ड आणि अ‍ॅलिसन स्मिथ यांच्या गटांनी याचे एक उत्तर मांडले. दोन प्रकारचे रेणू कल्पा. एकाचे प्रमाण साठ्याइतके, तो स्टार्च तोडायला चालना देतो. दुसऱ्याचे प्रमाण उरलेल्या वेळाइतके, तो पहिल्याला अडवतो. त्यांच्या अभिक्रियेतून मिळणारी गती आपोआप पहिला भागिले दुसरा अशी येते. हे रेणू नेमके कोणते, हा पुढच्या प्रयोगांचा विषय झाला. पण काय शोधायचे हे आधी गणिताने ठरवून दिले. साखर घड्याळालाच मागेपुढे करते असे मानून केलेली वेगळी मॉडेलही आहेत, आणि दोन्ही बाजूंचे शोधनिबंध एकापाठोपाठ वाचणे हा या विषयातला उत्तम अभ्यास आहे.

पुढे जाण्याआधी एक गृहपाठ. तिसऱ्या नियमाची दोन रूपे करा: एकात खर्चाची गती दिवेलागणीला एकदाच ठरते, दुसऱ्यात दर तासाला नव्याने ठरते. दोन्हींचा आलेख सारखाच येईल. मग रात्रीच्या मध्यावर दोन तास उजेड दिला असे धरून थोडा साठा वाढवा. रेघा कुठे फुटतात ते पाहा.

पायरी 5: खरे पान तपासा

शाळेत केलेली आयोडीनची चाचणी इथे कामाला येते, फक्त थोडी शिस्त जास्त लागते. वेळ निवडा 21 मार्च किंवा 23 सप्टेंबरच्या आसपासची. तेव्हा आपल्याकडे दिवस आणि रात्र जवळजवळ बारा-बारा तासांचे असतात. सप्टेंबरात पावसाळी ढगांमुळे ऊन कमी-जास्त होते, म्हणून मार्च बरा. कुंड्या पूर्ण उन्हात, पण रात्री रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. अर्ध्या कुंड्यांवर दुपारी दोनच्या सुमारास पुठ्ठ्याचे खोके पालथे घाला. खोक्यात हवा खेळली पाहिजे, उजेड शिरता कामा नये. खोके कडक उन्हात राहिले तर आत रोप शिजेल, म्हणून झाकलेल्या कुंड्या सावलीत हलवा.

संध्याकाळी सहा, रात्री बारा, पहाटे तीन आणि सूर्योदयाच्या जरा आधी, अशा चार वेळी पाने खुडा. झाकलेल्या गटाची दुपारी दोनलाही. दर वेळी प्रत्येक गटातली पाच पाने, साधारण एकाच वयाची. खुडल्याबरोबर उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवा. हे टाळू नका: पान मेले नाही तर स्टार्च तुटणे चालूच राहते आणि तुमची बाराची नोंद साडेबाराची होते. उकडलेली पाने वेळ लिहिलेल्या झाकणाच्या बाटलीत, औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये ठेवली की सकाळपर्यंत निश्चिंत.

हिरवा रंग काढायला स्पिरिटची बाटली उघडून गरम पाण्याच्या भांड्यात उभी ठेवा. गॅस आधी बंद करा, पूर्ण बंद. स्पिरिटची वाफ लांबूनही पेट घेते. खिडक्या उघड्या ठेवा. पान पांढुरके झाले की कोमट पाण्यात धुवा, पांढऱ्या ताटलीत पसरा आणि पातळ केलेले टिंक्चर आयोडीन वर घाला. स्टार्च असेल तिथे निळा-काळा रंग येतो.

सगळ्या ताटल्यांचे फोटो एकाच उजेडात, एकाच अंतरावरून काढा. मग ज्याला वेळ आणि गट माहीत नाहीत अशा घरातल्या कुणाला तरी ते गडदपणाच्या क्रमाने लावायला सांगा. आपल्याला हवा तो निकाल आपल्याच डोळ्यांना आधी दिसतो, त्यावर हा साधा उपाय आहे. लक्षात ठेवा, रंगाचा गडदपणा साठ्याच्या सरळ प्रमाणात नसतो. या चाचणीतून ‘जास्त, कमी, नाही’ एवढे भरवशाने कळते, टक्केवारी नाही. मोहरीत पहाटे थोडा स्टार्च उरला तर दचकू नका. प्रत्येक जात साठा सारखाच रिकामा करत नाही. तुम्हाला तुलना करायची आहे ती झाकलेल्या आणि न झाकलेल्या गटाची: दुपारी दोनला झाकलेल्या पानांत मध्यरात्रीनंतर, पहाटे तीनलाही, रंग टिकून आहे का? पहिल्या नियमाने तो रात्री दहाच्या आसपासच जायला हवा होता. कांदा मात्र या प्रयोगाला घेऊ नका; त्याच्या पातीत स्टार्च साठत नाही.

पायरी 6: आता डेटाबेस उघडा

हातात प्रश्न, चित्र आणि मॉडेल असताना डेटाबेस वाचणे म्हणजे शब्दकोशात नेमका शब्द शोधणे. टोरंटो विद्यापीठाच्या बार या संकेतस्थळावर ईएफपी ब्राउझर आहे. जनुकाचा क्रमांक दिला की ते जनुक कोणत्या अवयवात किती सक्रिय आहे ते रोपाच्या चित्रावर रंगून दिसते. क्रमांक वाचायला सोपे असतात. एटी2जी46830 म्हणजे अ‍ॅराबिडॉप्सिस थॅलियाना, दुसरे गुणसूत्र, जनुक, पुढे त्याचा अनुक्रम. हे आपले सीसीए1. टीओसी1 चा क्रमांक एटी5जी61380. टाइप करताना रोमन अक्षरे वापरावी लागतात.

तयार मॉडेल बायोमॉडेल्स या संग्रहात मोफत मिळतात, अ‍ॅराबिडॉप्सिसच्या घड्याळाचीही. ती उघडायला कोपासी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. एखादे मॉडेल घ्या, एका जनुकाची निर्मिती शून्य करा आणि घड्याळाचा काटा कसा बदलतो ते पाहा. तुम्ही नुकताच संगणकावर म्युटंट केला. पायथन शिकायची घाई नाही. स्प्रेडशीटमध्ये जे मांडता येते ते आधी तिथे मांडा.

हे सगळे कशासाठी

शेतात याचा उपयोग काय, हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला ठोस उत्तरे आहेत. कडक उन्हात पान जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देते. ढग आला किंवा सावली पडली तरी हे संरक्षण लगेच उतरत नाही, आणि तेवढा वेळ प्रकाशसंश्लेषण कमी होते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या स्टीफन लाँग यांच्या गटाने 2004 साली मॉडेलवरून या विलंबाचे नुकसान काढले होते, आणि ते बरेच मोठे निघाले. त्यावरून तीन जनुकांची पातळी वाढवलेली तंबाखूची रोपे तयार केली गेली. 2016 साली शेतातल्या चाचणीत त्यांचे वजन सुमारे 15 टक्के जास्त भरले. सुधारणा नेमकी कुठे करायची ते आधी मॉडेलने दाखवले होते.

दुसरे उदाहरण विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला जवळचे वाटेल. सोयाबीन मुळात समशीतोष्ण प्रदेशातले पीक. विषुववृत्ताकडे, लहान दिवसांत पेरले की ते लवकर फुलावर येते आणि रोप लहान असतानाच शेंगा धरून उत्पादन घटते. उष्ण प्रदेशात टिकणाऱ्या काही वाणांत हा घाईचा फुलोरा लांबवणारा बदल ईएलएफ3 या घड्याळाच्या जनुकाच्या सोयाबीनमधल्या रूपात आहे, हे 2017 साली समोर आले. 

आणि भाताचे: फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरच्या 1992 ते 2003 या काळातल्या नोंदींत, कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान 1 अंशाने वाढले की उत्पादन सुमारे 10 टक्क्यांनी घटलेले दिसले. रात्री पानात काय चालते हा प्रश्न त्यामुळे प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

पायरी 7: पुढचा प्रयोग लिहून ठेवा

एक वही करा. डाव्या पानावर प्रयोगाआधी मॉडेलचे भाकीत लिहा, तारीख घाला. उजवे पान निकालासाठी कोरे ठेवा. पहिले भाकीत तापमानाचे करून पाहा: डिसेंबरात थंडी पडली की एका गटाच्या कुंड्या रात्री बाहेर ठेवायच्या, दुसऱ्या गटाच्या घरात, पूर्ण अंधारात. विकरांची गती थंडीत मंदावते, म्हणून दुसऱ्या नियमाने बाहेरच्या पानांत पहाटे जास्त स्टार्च उरला पाहिजे. तिसऱ्या नियमात गती साठा आणि वेळ ठरवतात, तिथे तापमान कुठेच येत नाही. त्या नियमाने दोन्ही गटांत फरक पडू नये. तुमच्या मोहरीला यातले कोणते लागू पडेल ते पाने खुडण्याआधी डाव्या पानावर लिहा.